वाढत्या अंगाचा फ्रॉक

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण स्वतःच्या पोरीचं कापड समोर आलं की त्यांच्यातला बाप जागा व्हायचा आणि टेलर खुशाल झोपी जायचा. "वाढत्या अंगाचं शिवलेलं बरं," म्हणत ते चार बोटं लांब, चार बोटं ऐसपैस कापायचे. बिचारी चिमणी! दर वाढदिवसाला नव्या फ्रॉकात बुडून जायची.

यंदा शाळेच्या कार्यक्रमात तिला एकटीला गाणं म्हणायचं होतं. "बाबा, मला आत्ता होईल असा शिव हं," तिनं बजावलं. मास्तरांनी मान डोलावली, माप नीट घेतलं आणि कात्री चालवली ती जुन्याच वळणानं. जित्याची खोड, दुसरं काय!

कार्यक्रमाच्या सकाळी पिवळा फ्रॉक घातला, तर बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. रडली असती तर परवडलं असतं. चिमणीनं गुपचूप फ्रॉक काढून त्याची घडी घातली.

"मी नाही जाणार."

"अगं, पुढच्या वर्षी बघ कसा चपखल बसेल!"

"पुढच्या वर्षी तो जुना झालेला असेल, बाबा. नवा असतो तेव्हा मला होत नाही, आणि होतो तेव्हा विटलेला असतो."

मास्तरांच्या काळजात चर्र झालं. खरंच की! नव्याकोऱ्या, बेतशीर फ्रॉकात त्यांनी लेकीला कधी पाहिलंच नव्हतं. सगळा जीव पुढच्या वर्षीच्या पोरीत. समोर उभी होती ती बघता बघता मोठी होत चालली होती.

त्यांनी फ्रॉक ओढून घेतला आणि भराभरा उसवायला घेतला.

"अहो, नुसतं आत दुमडा," बायको धावत आली. "पुढे सोडता येईल!"

"फुगतं ते," म्हणत मास्तरांनी जादा कापड कापूनच टाकलं.

"चार महिन्यांत आखूड होईल!"

"होऊ दे."

मशीन थांबलं. चिमणीनं फ्रॉक घातला, बाह्या बघितल्या, घेर बघितला, आणि गर्रकन गिरकी घेतली. "झाला, बाबा!"

मास्तरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात दारातून गिऱ्हाईक ओरडलं, "मास्तर, माझी पँट?"

"उद्या या," लेकीवरची नजर न काढता मास्तर म्हणाले. "आज आमच्या चिमणीचं गाणं आहे."