लघिमानंदांची तुळा

गुरुवारी दिवेलागण झाली की खर्ड्यातल्या ज्ञानेश्वर केबलवाल्याच्या ओट्यासमोर पाय ठेवायला जागा उरायची नाही. खिडकीत टीव्ही मांडलेला, खाली सतरंजी, सतरंजीवर बाया, बायांच्या मागं पुरुष, आणि सगळ्यांच्या हातात शेवेच्या नाहीतर भाजक्या शेंगांच्या पुड्या. ज्यांच्या घरात केबल होती तेही इथंच येऊन बसायचे. चमत्कार काय घरात एकट्यानं बघायचा असतो?

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर हे खूळ सुरू झालं. नगरहून एस.टी.नं दर आठवड्याला एक कॅसेट यायची आणि ज्ञानेश्वर ती व्हीसीआरमध्ये घालायचा. पडद्यावर मठाचं मागचं आंगण दिसायचं. लिंबाच्या झाडाला टांगलेली भलीमोठी तुळा, एका पारड्यात गुळाच्या ढेपा, दुसऱ्या पारड्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. मागं गोठा, कडब्याची गंज, दावणीला गाय-वासरू. आणि तुळेच्या शेजारी भगव्या रेशमात लघिमानंद महाराज! स्वतः महाराज चांगले अंगानं भरलेले होते, पण ते कुणी मनावर घेत नव्हतं.

"बाळांनो," महाराज हात वर करून म्हणायचे, "देहावरचं मांस म्हणजे मागल्या जन्मीचं ओझं! ते उपासानं उतरत नाही, चालून उतरत नाही, डॉक्टरच्या गोळीनं तर मुळीच उतरत नाही. गोळी फेका! पडद्याकडे बघा, मनाने उतरा, आणि तुळेतला प्रसाद तोंडात टाका. जे हिचं झालं ते बघणाऱ्याचंही होईल. बोला, हलकं हलकं!"

"हलकं हलकं!" ओटा दणाणायचा.

मग एक ढेप उचलली जायची आणि तरी पारडी समतोल राहायची. मागल्या गुरुवारपेक्षा बाई हलकी झालेली! दर आठवड्याला तिचा चेहरा आणखी उतरलेला, हात आणखी बारीक. ती कधी बोलायची नाही, नुसती समोर बघायची. एकदा कुणाच्या तरी पोरानं विचारलं, "आये, ही बाई उतरत उतरत शेवटाला सरंल का?" त्याला पाठीत धपाटा बसला. पण तो प्रश्न पुष्कळ जणांच्या मनात राहून गेला.

कार्यक्रम संपला की ज्ञानेश्वर प्रसादाच्या गुळाच्या पुड्या विकायचा. लोक गूळ खायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि घरी जाऊन रोजच्याइतकंच जेवायचे. काहीच सोडायचं नाही, काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. असला धर्म कुणाला आवडणार नाही?

सतरंजीवर पुढच्या रांगेत साळूबाई आणि रंगुबाई बसायच्या. दोघी एकाच साली, एकाच गल्लीत नांदायला आलेल्या. दोघी अंगानं जाड, दोघींना शुगर, आणि दोघींना डॉक्टर साळव्यांच्या गोळ्या चालू. रंगुबाई ज्ञानेश्वरची सख्खी मावशी, म्हणून तिला बसायला खिडकीजवळची जागा. तिनं पहिल्याच महिन्यात गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. साळूबाईनं आठवडाभर विचार केला, आणि मग तिनंही टाकल्या.

आणि काय सांगावं, रंगुबाईचं वजन खरंच उतरायला लागलं! चोळ्या ढगळ झाल्या, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. गल्लीतल्या बाया तिला बघायला यायच्या. "साळे, बघ गं," ती हात पुढं करून म्हणायची, "लगीन झालं तवा असा हुता माझा हात." तहान लई लागायची, सारखं लघवीला जावं लागायचं. पण महाराजांनी ते आधीच सांगून ठेवलेलं होतं. तहान म्हणजे देहातली आग बाहेर पडतेय, आणि चरबी पाण्यावाटे जातेय. लबाडाच्या झोळीत सगळ्या दुखण्यांना उत्तर असतं. रंगुबाईनं महाराजांना हौसेनं कार्डही टाकलं, की माझं उतरलं म्हणून.

मग एके दिवशी रंगुबाई उठलीच नाही. साळूबाई धावत गेली तेव्हा ती अंथरुणावर जोरजोरानं श्वास घेत होती, हाकेला ओ देत नव्हती, आणि खोलीत पिकून गेलेल्या पेरूसारखा वास भरला होता. घरात पेरू एकही नव्हता. डॉक्टरांना बोलवेपर्यंत सगळं संपलं.

"तिचं आयुष्य सरलं हुतं," बाया म्हणाल्या. खांदेकऱ्यांपैकी एकजण येऊन सांगून गेला, "लई हलकी हुती म्हातारी. वजनच लागलं न्हाई." हे त्यानं कौतुकानं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी सतरंजीवर रंगुबाईची जागा कुणी घेतली नाही. तुळा दाखवायच्या आधी महाराजांनी पडद्यावर गादीवर बसून भक्तांची कार्डं वाचायला घेतली आणि ते म्हणाले, "खर्ड्याच्या रंगुबाई! माउलीचं ओझं उतरतंय. पुढच्या गुरुवारी आणखी उतरेल. रंगुबाई, ऐकताय ना?"

ओट्यावर शेंगा फोडणारे हात थांबले. साळूबाईनं शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. त्या दिवसापासून तिला घरात, न्हाणीत, चुलीपाशी मागून कुणीतरी विचारतंय असं वाटायला लागलं, 'ऐकताय ना?' मागं वळावं तर कुणी नसायचं. जिथं मनाला उत्तर सापडत नाही तिथं भूत बसायला येतं, दुसरं काय!

तरी तिनं ओट्यावर जाणं सोडलं नाही. का म्हणाल, तर आता तिचंही उतरत होतं. पाटल्या निघाल्या, जोडवी बोटांतून गळाली. शेजारणी डोळे मोठे करून म्हणायच्या, "साळूबाई, काय बाई किमया!" रंगुबाईला म्हणायच्या तेच, शब्दाला शब्द. साळूबाईला आनंदही व्हायचा आणि धास्तीही वाटायची. गोळ्या पुन्हा सुरू केल्या तर महाराजांचा कोप होईल, नाही केल्या तर... पुढं विचार करायचं ती टाळायची.

सून वृषाली मात्र बघत होती. न्हाणीत सासूच्या मागं मुंग्यांची रांग लागायची. एकदा साळूबाईच्या तोंडाजवळ वाकून ती म्हणाली, "आत्या, तुमी पेरू खाल्ला का?"

"न्हाई बाई. का गं?"

"वास येतोय."

साळूबाईला रंगुबाईची ती खोली आठवली. तरीही ती म्हणाली, "उद्याचा गुरुवार हुंदे. महाराजाला मनातल्या मनात विचारते." माणूस बुडताना काडी धरतो असं म्हणतात. पण ती काडी बुडवणाऱ्यानंच हातात दिलेली असली तर?

पौषातला तो गुरुवार. साळूबाईला आता चारचौघांचे चेहरेही धड दिसत नव्हते, सगळं धुक्यातून बघितल्यागत. पडद्यावरची बाई म्हणजे नुसती एक रेघ झाली होती. महाराज म्हणजे एक भगवा ठिपका. बाकीचे लोक बाईची कंबर, तिची मनगटं, गुळाच्या ढेपा बघत होते. साळूबाईला त्यातलं काही दिसेना. दिसत होती फक्त मागची कडब्याची गंज, कारण ती मोठी होती.

आणि गंज बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"वृषाली," ती हळूच म्हणाली, "मागल्या गुरुवारी ही गंज गोठ्याच्या आढ्यापर्यंत हुती ना गं?"

"असंल आत्या."

"आन् आज आढ्याच्या वर गेलीय. दिवाळीला तर नुसता बुडखा हुता. दर गुरुवारी वाढतीय ही."

"घातला असंल कडबा."

"आगं, कुठला घातला?" साळूबाईचा आवाज चढला. मागच्या बाया "शूऽऽ" करायला लागल्या. "आपली ज्वारी आत्ता कुठं हुरड्यात हाय. सगळ्या मुलखाची हुरड्यात हाय. पुसात कडबा येतो कुठनं? आन् विकतचा आणला तर गाड्या भरून एकदाच येतो, दर आठवड्याला थोडा-थोडा कोन रचतं? पुसात गंज सरती गं, वाढत न्हाई! वाढलेली तुज्या बापानं तरी बघितलीय का?"

वृषालीनं पडद्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. तीही शेतकऱ्याचीच लेक. एवढे गुरुवार तिच्या डोळ्यांसमोर ती गंज उभी होती आणि तिला दिसली नव्हती.

"मला इथनं उठव," साळूबाई म्हणाली. "डाक्टरकडं ने."

डॉक्टर सम्राट साळवे दवाखाना बंद करायच्या बेतात होते. आईबापांनी मजुरी करून शिकवलेला हा तरुण डॉक्टर, गावात फार बोलायचा नाही. रंगुबाईच्या दारातून आल्या पावली परतावं लागलं तेव्हापासून तर आणखीनच गप्प झाला होता. त्यानं साळूबाईचा श्वास हुंगला आणि काही न विचारता लघवी तपासायला घेतली. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात थोडी लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. बघता बघता निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि शेवटी भाजल्या विटेचा रंग आला.

"मावशी, ही साखर," डॉक्टर म्हणाले. "गोळी बंद केली की शरीराला साखर वापरता येत नाही. ती लघवीतून वाहून जाते, म्हणून तहान आणि म्हणून मुंग्या. मग उपाशी शरीर स्वतःचंच मांस जाळायला लागतं. तोंडाला वास येतो तो त्याचा. वजन उतरत नाहीये मावशी, आजार तुम्हाला खातोय. वर तुम्ही दर गुरुवारी गूळ खाताय."

"आन् रंगी?"

डॉक्टरांनी दिवा विझवला. "त्यांचंही हेच झालं. त्यांना मी वेळेवर गाठू शकलो नाही."

साळूबाई तिथंच हमसून हमसून रडली. त्याच पावली मुलानं, योगेशनं, टेम्पो काढला आणि तिला नगरच्या दवाखान्यात पोचवलं. सलाईन लागलं, इन्शुलिनची सुई लागली, आणि काही दिवसांनी डोळ्यांसमोरचं धुकं विरळ झालं. पहिल्यांदा तिला स्वतःचे हात नीट दिसले. ते रंगुबाईच्या हातांसारखे झाले होते.

घरी आल्यावर ती काठी टेकत सरळ ज्ञानेश्वरच्या ओट्यावर गेली.

"ज्ञानू, जुन्या कॅशेटी हायत का रं?"

कॅसेटी परत पाठवायच्या असत, पण केबलवालाच तो, प्रत्येकीची नक्कल करून ठेवलेली. तो चाचरत म्हणाला, "हायत. पन मावशी, महाराजाच्या कामात आपुन कशाला..."

"तुजी मावशी गेली, ज्ञानू. तुज्या इकलेल्या गुळावर गेली. मी तुला बोल लावत न्हाई, मी बी तिच्या शेजारीच बसले हुते. येत्या गुरुवारी फकस्त एक कर. शेवटची कॅशेट पयली लाव, आन् पयली शेवटाला."

ज्ञानेश्वर खाली मान घालून उभा राहिला. मग तो आत जाऊन कॅसेटी काढायला लागला.

गुरुवारी नेहमीपेक्षा जास्त गर्दी लोटली. कॅसेटी सुरू झाल्या, प्रत्येकीतला तेवढा तुळेचा भाग. आधी दिसली ती हाडांचा सापळा झालेली बाई, मागं आढ्यावर गेलेली गंज, आणि दावणीला लटपटत उभं असलेलं, कालपरवा जन्मलेलं वासरू. दुसऱ्या कॅसेटीत बाई थोडी भरलेली, गंज थोडी उतरलेली, वासरू गाईला ढुशा देतंय. मग आणखी भरलेली. मग आणखी. गंज सरत गेली, वासराला शिंगं फुटली, आणि शेवटी बुडख्याएवढ्या गंजीपुढं गरगरीत बाई ढेपांच्या राशीला भारी पडत तुळेत बसली.

कुणीही "हलकं" म्हटलं नाही. एवढे महिने डोळ्यांसमोर वासरू लहान लहान होत गेलं होतं, गाईच्या पोटात परत जायच्या बेताला आलं होतं, आणि गावच्या एका शेतकऱ्याला ते दिसलं नव्हतं! 

मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, ही तर आजारातनं उठलेली बाई! खाऊन-पिऊन धडधाकट झाली, आन् ह्या भामट्यानं आपल्याला उलटी दावली!"

डॉक्टर साळवे पुढं आले. भाषणाची सवय नव्हती. "फसवणारा फसवून गेला. पण मला तुम्हाला एक विचारायचंय. दिवाळीपासून तुम्ही सगळे दुसऱ्याचं वजन उतरताना बघताय. त्या बघण्यानं तुमच्यापैकी कुणाची एक तरी सवय बदलली? कुणी चहातली साखर कमी केली? कुणी उठून आपल्या गावच्या किल्ल्यापर्यंत चालून आला?"

 कुणाच्या तरी मांडीवरची शेवेची पुडी हळूच पाठीमागं गेली.

"बघितलं की केल्यासारखं वाटतं," डॉक्टर म्हणाले, "म्हणून मग कुणी करत नाही. ही कॅसेट खरी असती तरी तिनं तुमचं काही उतरलं नसतं. कुणी सांगितलं म्हणून गोळी टाकू नका, आणि मी सांगतो म्हणूनही घेऊ नका. विचारा. का, कशानं, दाखवा, असं विचारा. साळूमावशींनी विचारलं, म्हणून त्या आज इथं आहेत."

त्यानंतर कॅसेट आली नाही. लघिमानंदांनी म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात मठ मांडला. असले महाराज संपत नाहीत, मुक्काम बदलतात. म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

पुढच्या गुरुवारी दिवेलागणीच्या जरा आधी साळूबाईनं गोळी घेतली, पायात वहाणा घातल्या आणि ती किल्ल्याच्या वाटेला लागली. रंगुबाईच्या दारापाशी तिचा पाय आपोआप थांबला. इतक्या वर्षांची सवय. "रंगे, येतीस का गं?" असं तोंडून निघूनही गेलं.

आतून उत्तर आलं नाही. मागून 'ऐकताय ना' असंही कुणी विचारलं नाही. मेलेलं माणूस येत नसतं, हे साळूबाईला आता पक्कं ठाऊक होतं. भूत असतं तर बरं झालं असतं, निदान तिला सांगता आलं असतं, की रंगे, आपुन दोघींनी नुसती ती गंज जरी बघितली असती तरी आज तू माझ्यासंगं चालली असतीस. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती एकटीच पुढं चालायला लागली.