तळ्यावरचा वाढपी

मित्रांनो, डोक्यावर निळे पिंप, त्याखाली गरगर फिरणारी चकती आणि बाजूला वेळ लावायची पेटी, असा माझा अवतार. मी तळ्यातल्या माशांना खाद्य टाकतो. आता जुना झालो आहे. माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातला. वेल्डिंगच्या ठिणग्या झेलत माझे पाय जोडले गेले आणि टेंपोत उभा राहून मी चिकोडीजवळच्या एका गावी आलो.

तिथे नागेंद्र आणि दिपाली या नवराबायकोने शेतात तळे खोदून रोहू आणि कटला सोडले होते. ठरलेली वेळ झाली की माझी चकती फिरायची आणि खाद्याच्या गोळ्या पाण्यावर दूरवर विखरायच्या. मासे झेप घेत. पहिल्या दिवशी निम्मे गाव बघायला जमले. शेजारच्या शेतातले भावकू आप्पा म्हणाले, "नागेंद्र, वाढपी झकास आणलास रं! पंगतीत आमालाबी असाच पायजे."

तेव्हापासून माझे नाव वाढपीच पडले.

माझ्यामुळे दिपालीला शिवणकामाला वेळ मिळू लागला, याचा मला आनंद होता. पण हळूहळू दोघांचे तळ्याकडे येणेच कमी झाले. नागेंद्र कामावर जाता जाता माझे पिंप भरायचा आणि गाडीला किक मारायचा. माझ्या गळ्यात खाद्याची दमट भुकटी साचली, पायांना गंज चढला. मासे जेवतात की नाही, हे बघायला कोणी थांबत नसे. मला तर डोळेच नाहीत.

मग आभाळ दाटून आले. बरेच दिवस ऊन पडले नाही. एका सकाळी नागेंद्रला सगळे मासे पाण्यावर तोंडे काढून दिसले. थोड्याच दिवसांत ते विकायचे होते. तो हरखला.

"आयला, लईच भूक लागलीया की!" म्हणत त्याने माझी वेळ वाढवली. मी दिवसभर फेकत राहिलो. सांगितले तेवढे करणे, एवढेच मला येते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आप्पांनी बांधावरून हाक मारली. "नागेंद्र, तुझा वाढपी खुळा हाय काय रं? ताटातलं संपंना आन ह्यो वाढतोयच!"

दोघेही धावत आले. काठाला फुगलेल्या गोळ्यांचा थर साचला होता. काही मासे उलटे तरंगत होते.

"अजून उपाशी हाईत गं, तोंडं बघ कशी वासल्यात!" नागेंद्र म्हणाला.

दिपालीने ओंजळीत पाणी घेऊन हुंगले आणि तोंड वाकडे केले. "अवो, उपाशी असती तर हे खाल्लं नसतं? खाद्य कुजलंय. त्यात ऊन न्हाय, पाण्यात हवा ऱ्हायली न्हाय, त्यांस्नी दम लागलाय. आदी ते मशिन बंद करा!"

माझी चकती थांबली. नागेंद्रने विहिरीवरची मोटार चालू केली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तो पाइप डोक्यावर उंच धरून उभा राहिला आणि धार तळ्यात कोसळू लागली. दिपाली जाळीने कुजलेले खाद्य काढत होती.

"द्या इकडं पाइप. कामाला न्हाय जायचं?"

"कुठलं काम गं! ही जगू देत आदी."

उन्हाची तिरीप आली तेव्हा वरची तोंडे एकेक करून खाली गेली. पुष्कळ मासे वाचले. मेलेले मासे नागेंद्रने उचलले.

दोन दिवसांनी तो माझ्यापाशी आला. गळ्यातली भुकटी खरवडून काढली. मग बटनावर बोट ठेवून त्याने काठावरच्या दिपालीकडे पाहिले. "लावू काय गं?"

"थोडंच. आन हितंच थांबा."

चकती फिरली. पाणी क्षणभर गप्प राहिले, मग एकदम उसळले. नागेंद्र उकिडवा बसला आणि शेवटची गोळी संपेपर्यंत उठला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोंबड्या असतील, म्हैस असेल, नाहीतर काचेच्या पेटीतले दोन मासे असतील. त्यांना खायला घातलेत की लगेच पाठ फिरवू नका. वाढायचे काम मी करीन. ते पोटात गेले का, एवढे तुम्ही बघा.