फिलोमेनआजीने धुतलेली चादर

मित्रांनो, मी एक जुनी, फाटकी चादर आहे. नाक मुरडू नका हं! पॅरिसमध्ये आन्सेल्म नावाचा एक शिल्पकार राहत असे. आधी मी त्याच्या पलंगावर झिजले आणि मग त्याच्या कामाला लागले. तो ओल्या मातीतून पुतळे घडवायचा. माती वाळली की तडकते, म्हणून रोज काम आटोपलं की मला पाण्यात बुचकळून तो पुतळ्याला गुंडाळायचा. मी मळकट होते, कुबट होते, पण त्याचे पुतळे माझ्याच ओलाव्यावर टिकून होते.

त्या हिवाळ्यात त्याने आपल्या आईचा चेहरा घडवायला घेतला. आई दूर डोंगरातल्या गावी, म्हणून सगळं आठवणीतून. वसंतातल्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडायचा, एवढीच त्याची आस. तिथून त्याला दोनदा नकार मिळाला होता. पुतळ्याचा प्लास्टरचा साचा घेणारा कारागीर ज्या दिवशी यायचा होता, नेमकी त्याच्या आदल्या सकाळी आन्सेल्मची आई, फिलोमेनआजी, चीज आणि चेस्टनटची टोपली घेऊन दारात हजर! आन्सेल्म प्लास्टर आणायला बाहेर पडला, तशी तिने मला उचललं.

"अगं बाई! ही तर मीच! आणि माझ्या तोंडावर हे लक्तर? शी!"

तिने मला साबण लावून खसाखसा धुतलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग मातीच्या त्या बाईला थंडी वाजू नये म्हणून तिने शेगडी चांगली पेटवली, पुतळा जवळ ओढला आणि मला वर दोरीवर वाळत घातलं. मी वरून बघत होते. कपाळावर बारीक भेग गेली, मग गाल तडकला, नाक निखळून पडलं. ओरडावंसं वाटत होतं, पण चादरीला कुठलं तोंड!

संध्याकाळी आन्सेल्म परतला आणि दारातच थिजला. "आई! काय केलंस हे?"

"मेल्या, मला काय ठाऊक?" म्हातारी रडवेली झाली. "थोडी ओली माती लाव ना, बुजेल सगळं."

तो संतापून ओरडणार, इतक्यात त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. तो पाहतच राहिला. त्याने घडवला होता तो त्याच्या लहानपणीच्या आईचा चेहरा. समोर उभी होती ती सुरकुतलेली, घाबरलेली, पांढऱ्या भुवयांची.

"आई, तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

"तू घरी यायचं सोडलंस तेव्हापासून, गाढवा."

दुसऱ्या दिवशी त्याने कारागिराला दारातूनच परत पाठवलं. पुतळा मोडला, माती पुन्हा भिजत घातली आणि आईला समोर बसवलं.

"अरे, पण तुझं प्रदर्शन?"

"राहू दे. तू बस. आणि हलू नकोस."

हलू नकोस म्हटल्यावर ती जास्तच हलली. गावाकडच्या शेजारणीच्या शेळ्यांबद्दल तिच्या तक्रारी काही संपेनात, आणि आन्सेल्म हसता हसता माती थापत होता. प्रदर्शनाची तारीख निघून गेली. रोज संध्याकाळी मला आता आजीच भिजवायची.

मित्रांनो, दुसऱ्याचं अर्धवट काम आवरण्याआधी त्याला एकदा विचारावं, हे खरंच. पण कुणाकडून मायेपोटी चूक झालीच, तर ओरडण्याआधी त्या माणसाचा चेहरा नीट पाहून घ्या. आन्सेल्मने पाहिला म्हणून बरं. पुढच्या थंडीत आजी नव्हती.