मिनेकोच्या एकोणीस चिठ्ठ्या

त्सुनोउरा बेटावर कोंबड्याआधी याए-सान आरवते, असं लोक म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. अडतीस वर्षं काडोवाकी याए रोज सकाळी साडेसहाला नगर कार्यालयातल्या माईकसमोर बसायची. गावभर लावलेल्या बावीस भोंग्यांतून वारा, बोटीची वेळ, हरवलेली छत्री, सापडलेले आजोबा, सगळं एकाच स्वच्छ आवाजात सांगायची. ती बहात्तर वर्षांची झाली आणि कार्यालयानं तिच्या जागी बोलणारं यंत्र आणायचं ठरवलं. गाव हळहळलं. याए-सान मात्र नगराध्यक्ष रस्त्यात दिसले की समोरच्या कुंपणाकडे बघायला लागली.

यंत्र बसवायचं काम आलं त्सुचिए मिनेकोकडे. मिनेको एकावन्न वर्षांची, सामान्य विभागातली कारकून. सहा वर्षांपूर्वी प्रत्येक कार्यालयातून एकेकानं रूबी नावाची संगणकाची भाषा शिकायला मात्सुए शहरात जावं असं फर्मान निघालं होतं. आमच्या प्रांताला त्या भाषेचा भारी अभिमान, ती घडवणारा मात्सुएतच राहतो. जाणार कोण, तर त्या आठवड्यात ज्याला काही काम नाही तो. म्हणून मिनेको गेली. आणि सगळ्यांना, तिला स्वतःलाही, आश्चर्य वाटलं की तिला ती भाषा आवडली. रूबी तिचं बोलणं मध्येच तोडत नसे. विभागप्रमुख इशितोबी, म्हणजे सगळ्यांचे ‘काचो’, ते नेहमी तोडत.

काम दिसायला सोपं होतं. बोलणारं यंत्र मात्सुएच्या एका कंपनीचं, डोंगरावरच्या भोंगाघरात ठेवलेलं. निवेदन लिहायचा प्रोग्राम मिनेकोचा, रूबीतला, खाली कार्यालयात. दोन प्रोग्राम, दोन घराण्यांचे, एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्यामध्ये कंपनीनं एक लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा छोटा प्रोग्राम, सुचवली होती. तिचं काम टपालवाल्याचं: इकडच्या प्रोग्रामनं चिठ्ठी द्यायची, तिनं ती तिकडच्या प्रोग्रामच्या हातात नेऊन ठेवायची. मिनेकोनं माहितीपुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं, ‘पाठवा आणि विसरून जा.’

मिनेको आज्ञाधारक बाई. तिनं पाठवल्या आणि ती विसरून गेली.

सोमवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिनं पडद्यावर रूबीची खिडकी उघडली, डोंगराचा पत्ता दिला आणि लिहिलं, ‘चाचणी एक.’ लायब्ररीनं चिठ्ठी घेतली. कुरकुर नाही, तक्रार नाही. ‘चाचणी दोन. बाहेर ऊन आहे.’ तीही घेतली. डोंगरावरचा प्रोग्राम अजून सुरूच झालेला नव्हता. कंपनीचा माणूस गुरुवारी येणार होता. म्हणजे चिठ्ठ्या हवेत विरत असणार, असं मिनेकोनं धरून चाललं. ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर बोलायला काय हरकत?

‘चाचणी तीन. आज डब्यात पुन्हा माकूळ.’

मग थोडा वेळ थांबून, ‘चाचणी चार. इशितोबी काचोंना कुणीतरी सांगा, “बघू या” हे उत्तर नव्हे.’

चौथी चिठ्ठी पाठवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की मंगळवारी तिनं डबा सात मिनिटांत संपवला आणि पुन्हा खिडकीपाशी आली. बुधवारीही. खिडकी तिनं बंद केलीच नव्हती, नुसती खाली सारून ठेवली होती. तीस वर्षं जिभेच्या टोकावर येऊन परत गेलेल्या गोष्टी एकेक करून बाहेर पडल्या. बुधवारी एकोणिसावी चिठ्ठी मात्र लवकर जमेना. तीन वेळा खोडून तिनं ती पाठवली, नाक शिंकरलं आणि खिडकी खाली सारली.

गुरुवारी सकाळी दहाला उद्घाटन. कार्यालयाच्या अंगणात नगराध्यक्ष, मच्छीमार संघाचे लोक, आणि गावातल्या म्हाताऱ्या रांगेनं खुर्च्यांवर बसल्या होत्या. याए-सान आली नव्हती. डोंगरावर कंपनीचा नोत्सु नावाचा तरुण यंत्रापाशी होता. ठरलं असं, की नोत्सु यंत्र सुरू करेल, मिनेको निवेदन पाठवेल, ‘त्सुनोउराच्या सर्व रहिवाशांना सुप्रभात.’

मिनेको संगणकापाशी बसायला वळली, तोच भोंग्यांतून पिंग-पाँग वाजलं.

“हे नगर कार्यालयाचं निवेदन आहे,” एक मधाळ आवाज म्हणाला. “चाचणी एक. पुन्हा सांगत आहोत. चाचणी एक.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिनेकोनं वाजवल्या नाहीत. तिनं अजून काही पाठवलंच नव्हतं.

“चाचणी दोन. बाहेर ऊन आहे. पुन्हा सांगत आहोत. बाहेर ऊन आहे.”

“आहेच की!” मच्छीमार संघाचे अध्यक्ष कौतुकानं वर बघत म्हणाले. “कसं कळलं त्याला?”

चिठ्ठ्या विरल्या नव्हत्या. लायब्ररीनं त्या तीन दिवस नीट रांगेत धरून ठेवल्या होत्या, आणि दार उघडताच एकोणीसच्या एकोणीस नेऊन दिल्या होत्या. माकळाचं निवेदन दोनदा होईपर्यंत तिनं खिडकी बंद केली, प्रोग्राम बंद पाडला, वर संगणकाची तारही उपटली. काही उपयोग नव्हता. टपाल पोचल्यावर टपालवाल्याला धरून काय होणार?

“इशितोबी काचोंना कुणीतरी सांगा,” बावीस भोंगे बावीस दिशांना नम्रपणे म्हणाले, “बघू या हे उत्तर नव्हे.”

काचोंनी मान वळवून मिनेकोकडे पाहिलं.

“मिनेको-सान, हे काय?”

“काचो, नोत्सु-सानना फोन लावा. यंत्र बंद करायला सांगा.”

फोन वाजत राहिला. भोंग्याच्या बुडाशी बसलेल्या माणसाला फोन कसा ऐकू येणार?

“वर जावं लागेल,” मिनेको म्हणाली. “गाडीची किल्ली द्या.”

“तू चालवणार? या अवस्थेत?” काचो म्हणाले. “बस, मीच चालवतो.”

कार्यालयाचा चिमुकला मालट्रक बंदरावरून डोंगराच्या रस्त्याला लागला. काचोंनी काच खाली केली होती. वर करून फायदा नव्हता, आवाज सगळीकडूनच येत होता.

“बंदरावरचं बाकडं दोन वर्षं मोडलेलं आहे. इशितोबी काचो म्हणतात, बघू या. पुन्हा सांगत आहोत.”

“पुन्हा कशाला सांगतंय ते?” काचो ओरडले.

“नियमच आहे, प्रत्येक निवेदन दोनदा. तुम्हीच सही केलीत.”

काचो मनात मोजू लागले. “मी खरंच एवढ्या वेळा म्हणतो?”

“काचो, समोर वळण आहे.”

“बघू या—” काचो म्हणाले आणि त्यांनी ओठ मिटले.

रस्त्याकडेला वाकामे नावाचं समुद्री शेवाळ वाळत घालणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले होते. नगराध्यक्षांच्या नववर्षाच्या भाषणात बारापैकी नऊ मिनिटं हवामान होतं, हे भोंग्यातलं म्हणणं त्यांनी मान डोलावून मंजूर केलं. पुढची चिठ्ठी आली.

“माझा नवरा मासे पकडायला जातो असं सांगून बाजारातून मासे आणतो. माशाच्या ओठाला गळाची खूण नसते, हे मला कळतं.”

“अगं बाई,” त्यातली एक दुसरीला म्हणाली, “यंत्राला नवरा आहे?”

“आहे तर आहे, तोही आपल्यांसारखाच निघाला!”

मिनेको सीटवर इतकी खाली सरकली की बाहेरून ट्रकमध्ये काचो एकटेच दिसत होते. चिठ्ठ्या ती बोटांवर मोजत होती. दहावी टपाल कचेरीच्या घड्याळाबद्दल. अकरावी तिच्या नणंदेबद्दल. बारावी ऐकताना तिनं डोळे गच्च मिटले.

“याए-सानचं मुळ्याचं लोणचं इतकं खारट असतं, की परत समुद्रात सोडलं तर मासे तक्रार करतील.”

काचो फिस्सकन हसले, मग खोकले. “हे मात्र खरं आहे हं.”

“काचो, जरा जोरात घ्या. शेवटची वाचली जायला नको.”

“यापेक्षा वाईट काय असणार?”

काचोंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गियर बदलला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसानं वेगमर्यादा प्रथमच मोडली.

भोंगाघराच्या दारात नोत्सु उभा होता, कानांवर जाड कानबंद, चेहरा उजळलेला. दोघं धावत येताना पाहून त्यानं दोन्ही हात वर केले.

“एकही गहाळ नाही!” तो आनंदानं ओरडला. “एकोणीसच्या एकोणीस, अगदी क्रमानं! कसली भारी लायब्ररी आहे!”

“बंद कर!”

“काय?”

“बं-द!”

आत पिंग-पाँग वाजलं. “हे नगर कार्यालयाचं निवेदन आहे. याए-सान—”

मिनेकोनं नोत्सुला बाजूला ढकललं आणि लाल खटका खाली ओढला.

बेट एकदम शांत झालं. मग खाली गावात कुत्री भुंकू लागली. सगळ्या गावानं ऐकलं होतं: याए-सान, आणि पुढे काही नाही. आता संध्याकाळपर्यंत जो तो आपापल्या मनानं पुढचं वाक्य पूर्ण करणार होता.

“काय होतं त्यात?” काचोंनी विचारलं.

“मला तिच्या घरापाशी सोडा,” मिनेको म्हणाली.

याए-सान ओसरीवर बसली होती. मांडीवर चहाचा पेला, चेहरा दगडी.

“ये, मिने-चान,” ती म्हणाली. लहानपणापासून ती तिला अशीच हाक मारायची. “बोल. याए-सान, पुढे काय?”

“तुम्हाला कसं कळलं मीच लिहिलंय?”

“त्या कार्यालयात स्वल्पविराम नीट देणारी तू एकटीच. पुढे काय?”

मिनेको जमिनीवरच गुडघे टेकून बसली. “यंत्र आणायची सूचना माझी होती. नगराध्यक्षांची नव्हे. मी कागद लिहिला, त्यांनी नुसता शिक्का मारला. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.”

याए-साननं कुंपणापलीकडच्या समुद्राकडे पाहिलं.

“म्हणजे मी आठ महिने त्या बिचाऱ्या नगराध्यक्षाला नमस्कार केला नाही,” ती म्हणाली, “ते फुकटच.”

“हो.”

“का लिहिलास कागद?”

“गेल्या फेब्रुवारीत तुम्हाला ताप होता. बर्फातून चालत आलात आणि वादळाची सूचना वाचलीत. मध्ये मध्ये खोकत होतात. सगळं गाव ऐकत होतं. लोक म्हणाले, वा, काय निष्ठा! मला ऐकवेना.” मिनेकोनं डोळे पुसले. “मला वाटलं, एखाद्या दिवशी वाक्याच्या मध्येच थांबाल.”

“मग तोंडावर सांगायचंस.”

“ऐकलं असतंत?”

याए-साननं विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “तुला हाकलून दिलं असतं.” तिनं पेला खाली ठेवला आणि पदराआडून काढावा तसा किमोनोच्या बाहीतून रुमाल काढून मिनेकोपुढे टाकला. “नाक पूस. तुझ्या कागदाला मी माफ केलं. पहाटे उठायचा मलाही कंटाळा आला होता. पण ते गावाला सांगणार कोण? मीच सांगायची ना सगळं!”

मिनेको रडता रडता हसली.

“हसू नकोस, अजून झालेलं नाही. लोणच्याचं काय?”

मिनेकोचं हसू विझलं.

“वीस वर्षं दर हिवाळ्यात दोन बरण्या नेतेस. म्हणतेस, याए-सान, जीव तृप्त झाला. काय करतेस त्यांचं?”

“खाते.”

“खरं सांग.”

“धुऊन खाते. तीनदा धुऊन.”

याए-सान ताडकन उठून आत गेली. आता झाडू घेऊन येते की काय, म्हणून मिनेको उठायच्या तयारीत होती. ती आली ती बरणी घेऊन. ओसरीवर बसून तिनं एक फोड तोंडात टाकली, चावली, आणि डोळे बारीक केले.

“नवऱ्याला असंच आवडायचं,” ती म्हणाली. “तो जाऊन चौदा वर्षं झाली. मीठ कमी करायचं माझ्या लक्षातच आलं नाही.”

दोघींनी मिळून ती बरणी अर्धी केली, आणि दोन किटल्या चहा प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी मिनेको राजीनामा लिहून घेऊन गेली. काचोंनी तो वाचला, “बघू—” म्हणाले, थांबले, आणि फाडून टाकला. बंदरावरचं बाकडं शनिवारी दुरुस्त झालं; काचो स्वतः हातोडी घेऊन गेले होते, म्हणून थोडं कललेलं आहे. याए-साननं रस्त्यात नगराध्यक्षांना कमरेतून वाकून नमस्कार केला, तेव्हा ते इतके घाबरले की घरी जाऊन त्यांनी बायकोला विचारलं, आपल्याकडे कुणी गेलंय का?

मिनेकोचा नवरा आठवडाभर माशांबद्दल काही बोलला नाही. मग एका सकाळी खरोखर गळ घेऊन खडकावर गेला आणि करंगळीएवढा एक मासा घेऊन आला. मिनेकोनं तो तळला आणि अर्धा त्याला वाढला.

प्रोग्राममध्ये तिनं दोन बदल केले. प्रत्येक चिठ्ठीवर वेळ लिहिली जाते, आणि शिळी चिठ्ठी डोंगरावरचं यंत्र न वाचताच टाकून देतं. दुसरं, कुठलंही निवेदन दुसऱ्या माणसानं वाचून कळ दाबल्याशिवाय निघत नाही. तो दुसरा माणूस कोण, यावर बैठक झाली आणि चार मिनिटांत संपली.

सोमवारी नऊ वाजता, गरम न्याहारी करून, याए-सान कार्यालयात आली. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली होती. तिनं चष्मा लावला आणि मिनेकोचा मजकूर पडद्यावर वाचला.

“‘आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की’,” ती मोठ्यानं म्हणाली. “मिने-चान, एवढं वाचेपर्यंत लोक धक्क्यावर पोचतील. खोड ते. लिही: आज बोट नाही.”

मिनेकोनं खोडलं आणि लिहिलं. याए-साननं पुन्हा एकदा वाचलं, घसा साफ केला, मग आपल्याला बोलायचं नाहीये हे आठवून जराशी ओशाळली, आणि कळ दाबली.