दुप्पट दावं

"हरलो तर म्हशीच्या खुट्याला सोताला बांधून घेईन, लक्ष्या! गळ्यात घंटी घालीन आन् रयवारी समद्या वस्तीसमोर हंबरत फेरे मारीन. हे घे, हातावर हात!"

दत्तूनं हात फुडं केला आन् माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. म्या टाळी देऊन टाकली.

"आन् मी हरलो तर मी हंबरीन," म्या म्हनलं.

"तुम्ही तं तसं बी दिसभर हंबरताच की, भावजी," नळावर हंडा घासता घासता शोभावहिनी बोलल्या. दत्तूची बायको. नळावरच्या समद्या बाया खिदळल्या.

सुरतेजवळ चलथाणच्या भाईर, उसाच्या फडाला खेटून आमची वस्ती. कोनी जालन्याचं, कोनी परभनीचं, दोन-चार घरं खानदेशातली. हंगामात हवेला साखर कारखान्याच्या मळीचा असा वास की सुकी भाकर बी गोड लागती. वस्तीमागं एका पटेलाचा तुकडा दत्तूनं करायला घेतलेला. काळी चिकट माती, पाऊल टाकलं की चप्पल ठिवून घेनारी. त्यात त्यानं लसूणघास लावलेला. हिकडं त्याला रजको म्हनत्यात. आमच्या चंद्री म्हशीला नाव कोनतं बी चालतं, वास आला की ती दावं तोडाया बघती.

आमचा ठराव असा की रोज सकाळी चंद्रीला घासात आखूड दाव्यानं बांधायची. दावं पोचंल तेवढा गोल तिचा. बदल्यात तिचं शेन दत्तूच्या घासाला. दुसऱ्या दिशी खुटा फुडं सरकवायचा.

त्या दिशी नळावर म्याच खडा टाकला. "दत्तू, एक दिस दावं दुप्पट कर. मंग एक दिस म्हैस आननार न्हाई. पर सांगून ठिवतो, दोन दिसापरीस लई जास्ती घास जाईल."

"कामून जाईल? दुप्पट दावं, दुप्पट घास. दाव्याभाईर तं जात न्हाई ना तुझी म्हैस?"

"न्हाई जात. तरी जाईल."

"अरे, सुरतेत संच्यावर उमर गेली माझी! कापडाचा ताका नुसता बघून मीटर सांगतो मी. हा डोळा म्हंजे गजपट्टी हाय. मला शिकवतो का?"

आन् त्या गजपट्टीच्या भरवशावर गडी हात मारून बसला.

त्याला काय ठाऊक, आदल्या दिशी माझी शाळा झाली व्हती. माझी मयुरी धाव्वीला, गुजराती शाळंत. वट्यावर बसून मोठ्यानं गनित वाचत व्हती. घोडा खुट्याला बांधलाय, दोरी अमुक मीटर, किती जागा चरंल ते काढा. म्हशीवाल्याचा कान टवकारनारच की!

"आन् दोरी दुप्पट केली तं?" म्या इचारलं.

"चौपट, पप्पा."

"हॅट! दुप्पट म्हन."

पोरीनं पुस्तक मिटलं. अंगनात खिळा ठोकला, सुतळी बांधली, कोळशानं एक गोल काढला. मंग सुतळी दुप्पट करून दुसरा. "भरा जवारीनं. दान्याला दाना लावून, एकावर एक न्हाई."

ल्हान्या गोलात एक वाटी जवार लागली. मोठ्यात एक वाटी वतली, दुसरी वतली, तिसरी वतली, तरी कडंला जिमीन दिसतच व्हती. चौथी वाटी वतली तवा गोल भरला. मी उकिडवा बसून येड्यावानी बघतच राह्यलो. एवढी उमर गेली, रोज भाकर गोल खाल्ली, चाक गोल बघितलं, आन् ही गंमत मला कोनी सांगितलीच न्हाई!

"त्रिज्या दोनदा गुनायची, पप्पा. लांबी बी दुप्पट, रुंदी बी दुप्पट. आन् चेंडूवानी गोळा आसंल ना, तं तीनदा. जाडी दुप्पट झाली की आतला माल आठपट."

गोळ्याचं मी आइकलंच न्हाई. माझ्या डोळ्यासमोर दत्तू हंबरत व्हता. पोरीनं माझं त्वांड वळखलं.

"कोनाला फसवायचं चाललंय? आ तो चीटिंग छे, पप्पा."

"चीटिंग न्हाई गं. गनित हाय."

पैज लागली त्याच दिशी म्या चंद्रीला दुप्पट दावं लावलं. तिला सरग सापडलं. दुपार कलायच्या आत गोलच्या गोल बोडका. निम्मा खाल्लेला, निम्मा तुडवलेला. दत्तू आला. रोजचं आखूड दावं घेऊन हिकडून टाकून बघितलं, तिकडून टाकून बघितलं. मंग खाली बसला.

"चार दिसांचा घास गेला, लक्ष्या," हळूच म्हनला. "माझा डोळा चुकला. असा कसा चुकला?"

म्या मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. खरंच सांगतो, घेतला. हसून हसून हात हालत व्हता म्हून हाललेला आला.

मागून धप्प आवाज झाला. चंद्री गुडघ्यावर आली व्हती. उठली, पर पाय फाकवून उभी, जीभ भाईर, डावी कूस वर आलेली. वला लसूणघास पोटाभाईर खाल्ला की फुगारा धरतो हे लेकराला बी ठाऊक. मला बी ठाऊक व्हतं. पर त्या चार वाट्या जवारीपायी डोस्क्यात जागाच राह्यली नव्हती.

म्या कुशीवर हात ठिवला. ढोलावानी वाजली. बघता बघता बोटभर अजून फुगली, आन् तवा मयुरीचा गोळा आठवला. भाईरून बोटभर दिसतंय, आत किती भरलं आसंल? त्या येळी ते गनित नसतं आलं तं बरं झालं आसतं.

"बघत काय बसला? तेल!" दत्तू वरडला. "शोभे, गोडं तेल आन!"

शोभावहिनींनी घरातला समदा डबा उचलून आनला. मयुरीनं जनावराच्या डाक्टरला फोन लावला, त्यो दूर गावाला व्हता. तेल पाजा, चालवा, मी निघतो म्हनला. दत्तूनं चंद्रीच्या तोंडात आडवी काठी बांधली, बाटलीनं तेल वतलं, फुडचे पाय उकिरड्याच्या चढावर घेतले आन् कूस रगडाया लागला. शेनात घोट्यापोत्तर गडी, घाम नाकावरून गळतोय, आन् सारखा एकच बोलतोय.

"माझ्यामुळं झालं, लक्ष्या. म्याच कबूल झालो दुप्पट दाव्याला. मला उमजाया पायजे व्हतं. म्हशीला काय झालं तं तुला त्वांड कसं दाखवू?"

मी दुसऱ्या बाजूनं रगडत व्हतो. मयुरी दावं धरून उभी. माझ्याकडं बघत व्हती.

मंग चंद्रीनं मान लांब केली आन् असा ढेकर दिला की उसातली पाखरं उडाली. मागून दुसरा. कूस खाली बसाया लागली. दत्तू तिथंच शेनात बसला आन् हसाया लागला. मला हसू आलं न्हाई.

रयवारी मी दार लावून घरात बसलो व्हतो. वाटलं, इसरंल. भाईर घंटी वाजली. दत्तू गळ्यात चंद्रीची घंटी घालून दारात उभा, हातात दावं.

"चल, बांध मला. जबान म्हंजे जबान."

समदी वस्ती जमलेली. पोरं मोबाइल काढून तयार. म्या दावं हातात घेतलं, पर गाठ मारता येईना.

"दत्तू, मला आधीच ठाऊक व्हतं."

"काय?"

"चौपट जाईल ते. मयुरीनं जवारीनं दाखवलं व्हतं. म्हूनच पैज लावली."

त्यानं घंटी हातानं धरली, वाजू नये म्हून.

"म्हंजे मी म्हशीपाशी कपाळ बडवत व्हतो, तवा बी?"

"तवा बी."

"चौपट जाईल ते कळलं," दत्तू म्हनला, "आन् चौपट खाल्ल्यावर म्हशीचं काय व्हईल ते?"

"न्हाई कळलं."

"मंग पैज तू हरला." त्यानं घंटी काढली आन् माझ्या गळ्यात घातली. गाठ त्यानंच मारली, सैल.

"आखूड दावं कामून?" शोभावहिनी फुडं झाल्या. "दुप्पट लावा. भावजींना मोठा गोल आवडतो."

समदे घासातल्या खुट्याशी गेलो, दुप्पट दावं लागलं. मी निघालो, वाकून, घंटी वाजवत. मयुरी जवळ आली, कानाशी म्हनली, "जागा चौपट आसती पप्पा, फेरा दुप्पटच. जास्ती न्हाई चालावं लागत." एवढीच दया आली तिला.

पयल्या फेऱ्याला म्या तमाशातल्यावानी हंबरलो. लोक लोटपोट. वस्तीत कोनाची बी फजिती झाली तं सगळ्यात मोठं हसू माझं आसायचं, तेवढंच त्या दिशी कमी व्हतं. दुसऱ्या फेऱ्याला त्या बोडक्या गोलाकडं ध्यान गेलं. काळी माती उघडी पडलेली, एक बी कोंब न्हाई. घंटी वाजवत निस्ताच चालत राह्यलो, हंबरायचं राहूनच गेलं.

"आवाज येत न्हाई, भावजी!" शोभावहिनी वरडल्या.

दत्तू खुट्यापाशी उभा व्हता. हसत नव्हता. दावं पायात अडकू नये म्हून हातानं उचलून धरत व्हता.

मी मान वर केली आन् हंबरलो.