पेटीचं झाकण

पांढऱ्या गाडीचा आवाज वळणावर आला की जंगलाकडची ती वस्ती मुकी व्हायची. एरवी पोरं अशी बोंबलायची की ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. पण गाडी आली की सगळी गुडूप. कुणी मोरीत, कुणी लाकडांमागे, कुणी पेटीत. नर्सबाई लसीचा बर्फाचा डबा खांद्याला अडकवून दारोदार फिरायची आणि माणसं चेहरा अगदी साळसूद ठेवून सांगायची, आमच्याकडे पोरंच नाहीत. त्यांच्या डोक्यावर वाळत घातलेले लंगोट फडफडत असायचे.

हसू येतं, पण ते उगाच नव्हतं. यातल्याच एका घरातली सासू लहान असताना अशीच गाडी आली होती. सुई टोचायची म्हणून तिच्या धाकट्या भावाला नेलं आणि कुठल्याशा शाळेत डांबलं. तिथे आपली भाषा बोललं की मार मिळे म्हणतात. तो परत आलाच नाही. तेव्हापासून वस्तीतल्या पोरांना चालायला शिकवावं तसं लपायलाही शिकवत.

तिच्या सुनेनेही आपल्या लेकीला, चिमणीला, शिकवलं होतं. गोधड्यांच्या पेटीत बसायचं. बाहेर येऊ का, असं विचारायचं तर आतून दोनदा वाजवायचं. आईने वरून एकदा वाजवलं की समजायचं, अजून नाही. चिमणी गुणाची पोर. दर वेळी ऐकायची. मागच्या थंडीत गोवराने तिला नेलं. त्याची लस दारापर्यंत येऊन माघारी गेली होती, हे सुनेच्या काळजात रुतून बसलं होतं. सासूपुढे बोलायचा मात्र तिचा हिय्या होत नव्हता.

आज पुन्हा गाडी आली. सासूने सुनेच्या झोपलेल्या तान्ह्या बाळाला हातांसकट दुपट्यात घट्ट गुंडाळून पेटीत ठेवलं, हवेसाठी झाकणाखाली काटकी अडकवली आणि शेजारी बसली.

आतून दोनदा वाजलं.

सून पेटीजवळ सरकली. सासू भिंतीकडे बघत होती, पण तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. पुन्हा दोनदा वाजलं, हळू, शहाण्या पोरीसारखं. सासूचं बोट आपसूक उठलं आणि तिने झाकणावर एकदा वाजवलं.

"आई, हात काढा," सून म्हणाली.

"नेतील गं त्याला."

"चिमणीला कुणी नेलं?"

सासूचा हात खाली आला. सुनेने झाकण उघडलं. बाळ गाढ झोपलेलं, हात दुपट्यातच. त्याच्या शेजारी गोधडीत एक खळगा पडला होता, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा. तिने हात लावून पाहिला. ऊब होती.

ती बाळाला घेऊन अंगणात आली. दारांच्या फटींतून सगळी वस्ती बघत होती. नर्सबाईने मोडक्यातोडक्या का होईना, त्यांच्याच भाषेत विचारलं, टोचू का? सुनेने होकाराची मान डोलावली. सुई टोचली आणि बाळाने टाहो फोडला. तो ऐकून लाकडांमागून एक पोर रडलं, मग मोऱ्यांमधून, मग घराघरांतून. नर्सबाई डबा धरून नुसती उभी राहिली.

सून घरात परतली तर पेटी सताड उघडी होती. सासू जमिनीवर बसून रडत होती.

"तू गेल्यावर परत वाजलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ये बाहेर. आपली चिमणी होती की माझा भाऊ, ते काही कळलं नाही बघ. दोघांनाही म्हटलं."