बुडालेल्या बेटाची नोंद

“जावईबापू पुन्हा बेटावर गेले,” तिच्या खुर्चीमागे उभा राहून प्रमुख म्हणाला.

पडद्यावर चाचणीतल्या सत्तावीस ओळी लाल, म्हणजे चुकलेल्या, होत्या. काचेचा पंख कुठे मिळतो, या प्रश्नाला एजंटने, म्हणजे उत्तरं देणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रॅमने, छातीठोकपणे उत्तर दिलं होतं, उत्तरेच्या बेटावर. खेळात ते बेट आता नव्हतंच.

कंपनीचा हा संगणकावरचा खेळ लाखभर लोक आपापल्या घरी बसून खेळत. कुठली वस्तू कुठे मिळते, कुठला प्राणी कशाने मरतो, हे ते पत्र पाठवून विचारत आणि खिडकीजवळच्या तीन टेबलांवरची माणसं उत्तरं देत. आता ते काम एजंटकडे जायचं होतं. माहितीचे तक्ते त्याला स्वतःहून उघडता येत; पण कोणता तक्ता कधी उघडायचा, त्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही, हे साध्या वाक्यांत लिहून द्यावं लागे. सगळं हातात आयतं द्यावं लागतं म्हणून ऑफिसात त्याला जावईबापू म्हणत. ती वाक्यं लिहिणं हे तिचं काम. पूर्वी ती एका प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्यांची लेबलं लिहायची. अर्धवट लेबलाने भाजलेला हात तिने पाहिला होता. तेव्हापासून चुकीचं वाक्य तिला डोळ्यात गेलेल्या कुसळासारखं सलायचं.

दोनशेपैकी एकशे नव्वद उत्तरं बरोबर आली की ती तीन टेबलं उठणार, हे प्रमुखाने तिला सोमवारी सांगितलं होतं. इतक्यात कुठे बोलू नकोस, असंही. शेवटची चाचणी शुक्रवारी होती. त्यात एजंट नापास झाला तर सगळं वर्षभर पुढे जाणार होतं. मधल्या टेबलावरचे काका अकरा महिन्यांनी रीतसर निवृत्त व्हायचे होते.

आणि बेटाच्या कोड्याचं उत्तर फक्त काकांनाच ठाऊक होतं.

बुधवारी चहाच्या वेळेला ती त्यांच्याकडे गेली. काका खूश झाले. इतक्या वर्षांत ऑफिसातल्या कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. विचारायचे ते बाहेरचे.

“बेट होय? अगं, ते बुडवलं ना त्यांनी. पाच वर्षं झाली. एका बाईंचं तिथे घर होतं. खेळातलंच हो, पण काय रडून लिहिलं होतं बिचारीने. मी चार पानी उत्तर दिलं तिला.”

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. बेटावरच्या वस्तू दुसरीकडे हलवल्या, त्याचा तक्ता वेगळा केला. पण वस्तूंच्या मूळ तक्त्यातली जुनी नोंद कुणी पुसलीच नाही. तेव्हा जागेचा क्रमांक चारशेच्या पुढचा दिसला की मूळ तक्त्यावर विसंबायचं नाही. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकांना सगळं तोंडपाठ होतं.

“पण तुला कशाला हवंय हे?”

“नोंदीसाठी,” ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

तिने कागदावर वाक्य लिहून त्यांना दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, कागद जवळ धरला. “‘शक्यतो विसंबू नये’ काय? शक्यतो नाही गं. कधीच नाही.” आणि तिचंच पेन घेऊन त्यांनी तो शब्द खोडला.

नवऱ्याला तिने गुरुवारी सांगितलं. तो म्हणाला की एक वाक्य गाळ, कोण बघतंय. नाहीतरी आज ना उद्या दुसरं कुणीतरी लिहीलच. एका दमात त्याने दोन्ही सल्ले दिले आणि भांडी विसळायला गेला.

शुक्रवारी सकाळी तिने एजंटच्या सूचनांत घातलेलं काकांचं ते वाक्य काढलं. चाचणी चालवून पाहिली. एकशे त्र्याहत्तर. सत्तावीस लाल ओळींकडे ती बराच वेळ बघत बसली. कुठेतरी कुणीतरी त्या पंखासाठी नसलेल्या बेटाच्या दिशेने होडी वल्हवत जाईल, एवढंच तिच्या डोक्यात येत राहिलं. काकांचा विचार करायला बसली होती आणि होडीचाच विचार करत होती. याची तिला लाज वाटली. तिने वाक्य परत घातलं.

एकशे चौऱ्याण्णव.

प्रमुखाने सगळ्यांना पत्र पाठवून तिचं कौतुक केलं. महिन्याभरात टेबलं उठली. ती नेमकी कशामुळे, ते बाकी दोघांना कळलं नाही. काकांना कळलं. शेवटच्या दिवशी खण रिकामा करताना ते तिला म्हणाले, “कशासाठी ते सांगितलं असतंस ना, तरी मी सांगितलंच असतं.” आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं.

मग एक नवीच अडचण आली. जुने खेळाडू पत्रातून विचारू लागले की ते आधी उत्तरं द्यायचे ते गृहस्थ कुठे आहेत. एजंट प्रामाणिकपणे सगळे तक्ते धुंडाळायचा. वस्तूंत नाही, प्राण्यांत नाही. शेवटी पात्रांच्या तक्त्यात त्याला तळ्याकाठी बसणारा एक म्हातारा कोळी सापडे आणि तो लोकांना तिकडे धाडी. दोघेजण जाऊन बसलेही होते तिथे.

“यावर एक ओळ लिही,” प्रमुख म्हणाला. “पटकन होईल.”

झालं पटकनच. तिने लिहिलं: ‘पूर्वी उत्तरं देणाऱ्या व्यक्तीबद्दल विचारल्यास कोणताही तक्ता उघडू नये. अशी नोंद नाही.’ पुन्हा एकदा वाचलं. वाक्य स्पष्ट होतं, त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. तिने ते जतन केलं. खिडकीजवळच्या मोकळ्या जागेत आता पाण्याचं यंत्र ठेवलं होतं. ती उठून पेला घेऊन तिकडे गेली आणि पेला न भरताच तिथे उभी राहिली.